एमसीबी पडल्यावर गृहस्थाने करावयाचे हिशेब

सकाळी साडेसातला गिझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री चालू असताना लाईट गेली, की घराला गणित नको असते, आरोपी हवा असतो. तो लगेच सापडतोही. ज्याने शेवटचे बटण दाबले, तो! ही न्यायपद्धती सुशिक्षित गृहस्थाला शोभत नाही. त्याने आधी चष्मा शोधावा, मग स्टूल, आणि मगच मत द्यावे.

स्टूल गिझरच्या लेबलासाठी. वस्तूवर चिकटवलेले हे कागद वाचायचे असतात, हे पुष्कळांना वस्तू जळाल्यावर कळते. त्यावर ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ असे काहीतरी असते. गृहस्थाने २००० ला २३० ने भागावे, ८.७ येतील. हे अँपिअर. मग २३० ला ८.७ ने भागावे. साडेसव्वीसच्या आसपास येतील. हे ओहम. झाले. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट आणि व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, एवढीच ही विद्या आहे. नववीच्या पुस्तकात तिला विभवांतर, विद्युतधारा आणि रोध अशी नावे होती. नावे जड, तेव्हा गणितही जडच असणार, असा समज तेव्हापासून घराघरांत टिकून आहे.

याच ८.७ मुळे गिझरला जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा प्लग असतो. सहा अँपिअरच्या बारीक सॉकेटात तो शिरत नाही. तो शिरावा म्हणून बाजारातून जोड आणणारा गृहस्थ हुशार समजला जातो, वायर वितळेपर्यंत.

लेबल पुसले गेले असेल तर मीटरकडे जावे. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त गिझर चालू ठेवावा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजावा. मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुकी असे छापले असेल, तर दोन हजार वॅटच्या गिझरला मिनिटाला १०७ च्या आसपास भरतील. शेजारी विचारतीलच की काय मोजताय. त्यांनाही मोजायला बसवावे.

यानंतर काही गृहस्थ मल्टिमीटर विकत आणतात. येथून मार्गदर्शनाची खरी गरज सुरू होते. अँपिअर मोजायच्या खोबणीत वायर ठेवून दोन्ही टोके थेट सॉकेटात घालू नयेत. त्या खोबणीत रोध जवळजवळ नसतोच, आणि २३० ला जवळजवळ शून्याने भागले की काय येते ते कागदावर पाहिलेले बरे. ओहम मोजायचे तर वस्तू प्लगमधून काढून मोजावे. चालू वस्तूचे ओहम मोजायला जाऊ नये.

ही पथ्ये पाळूनही फजिती होतेच. माळ्यावर जपून ठेवलेला शंभराचा पिवळा बल्ब गृहस्थ खाली काढतो आणि मोजतो. चाळिसेक ओहम भरतात. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजेही वॅटच, हे त्याला आता पाठ असते. तो ५२,९०० ला ४० ने भागतो आणि हा बल्ब तेराशे वॅट खातो असे जाहीर करतो. घर दोन दिवस वीज कंपनीला शिव्या घालते. वास्तविक दोष तापमानाचा. पेटलेल्या बल्बातली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढून ५२९ ओहमवर जातो. थंड तारेतून बटण दाबताक्षणी मोठा प्रवाह धावतो, म्हणून असे बल्ब बहुधा लावतानाच जातात. गिझरची कॉइल मात्र नायक्रोमची. ती तापली तरी रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे तिथे नवशिक्याचेही उत्तर बरोबर येते.

व्होल्टेज एकसारखे मिळत नाही, ही तक्रार खुद्द ओहमचीही होती. गिओर्ग ओहम हा जर्मनीतल्या कुलूपकाराचा मुलगा, कलोनच्या शाळेत शिकवत असे. प्रयोग करताना त्याचे विद्युतघट क्षणाक्षणाला ढेपाळत. शेवटी त्याने तांबे आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला आणि स्थिर दाब मिळवला. १८२७ साली पुस्तक आले तेव्हा मायदेशात कौतुक बेताचेच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले ते १८४१ साली.

आपल्याकडे बर्फ आणि आधण दोन्ही असून उपयोग नाही. गावाकडे व्होल्टेज १८० वर उतरले, की गिझरचे साडेसव्वीस ओहम तेवढेच राहतात आणि वॅट होतात साधारण १२२५. दाब घटला २२ टक्के, पाणी तापवायची ताकद घटली ३९ टक्के. विहिरीवरच्या मोटरीचे उलटे असते. दाब कमी झाला तरी पाणी तेवढेच उपसायचे, म्हणून ती प्रवाह जास्त ओढते आणि वाइंडिंग जळते. मोटरी आणि पंखे या साध्या भागाकारात नीट बसत नाहीत, तेव्हा तिथे गृहस्थाने मौन पाळावे.

आता सकाळच्या खटल्याकडे वळावे. गिझर ८.७, दोन हजार वॅटची शेगडी ८.७, हजार वॅटची इस्त्री ४.३५. बेरीज पावणेबावीस अँपिअर, आणि हे सगळे सोळाच्या एकाच एमसीबीवर. तो काही वेळ कळ काढतो आणि पडतो. म्हणजे ज्या इस्त्रीच्या नावाने घरभर आरडाओरडा झाला, तिचा वाटा एक पंचमांश. हे सिद्ध करायला लेबले लागतात. तेव्हा येत्या दिवाळीच्या साफसफाईत गिझर पुसावा, पण त्यावरचा कागद घासून काढू नये.