कोणतं सिव्हिल?

जळकोट म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो. तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं नव्हे. लातूर जिल्ह्यातलं, उदगीरच्या शेजारचं. 'सिव्हिल'चंही आमच्याकडं तसंच. कोणतं, ते आधी विचारून घ्यावं.

"पोरगं काय करलालंय?"

"सिव्हिल करलालंय."

हा डिप्लोमा. तेच पोरगं पुण्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसलं की ते सिव्हिल सर्व्हिसेस. मग बाप काही विचारत नाही, नुसते पैसे पाठवतो. "म्हाताऱ्याला सिव्हिलला हलवलं" असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा बोलत बसत नाही, चप्पल शोधतो. बाजारात सिव्हिल ड्रेसवाले पोलीसही असतात. शर्ट साधा, पण बूट खात्याचे. त्यामुळं पाकीटमारच त्यांना आधी रामराम घालतात.

अलीकडं या घराण्यात एक दत्तक आलंय. कर्ज नाकारलं की माणूस सांगतो, "सिव्हिल खराब हाय." खरं नाव सिबिल. 2000 साली निघालेल्या, लोकांच्या कर्जफेडीची कुंडली ठेवणाऱ्या कंपनीचं. तिचे गुण 300 ते 900. आता सोयरिकीतही चौकशी होते, "पोराचं सिव्हिल कसंय?" डिप्लोमावाल्याचा बाप छाती फुगवून सांगतो, "फस्क्लास!" इथं लग्न जमतं. हप्ते नंतर कळतात.

सिव्हिल म्हणजे सभ्य, हा अर्थ मास्तरांनी शिकवला होता. परीक्षेनंतर तो कुणाला लागला नाही. सभ्यपणा बघायचाच तर उदगीरच्या कोर्टात जावं, दिवाणी तारखेला. आमच्या ओळखीतल्या दोघा भावांचा बांधावरून दावा चालू आहे. असे दावे आजोबानं लावायचे आणि निकाल नातवानं ऐकायचा. तारखेला दोघंही एकाच एस्टीनं जातात. धाकटा पुढं पळत जाऊन रुमाल टाकून जागा धरतो. "दादा, तुमी खिडकीकडं बसा, मळमळतंय तुमाला." कोर्टात दोघांचे वकील एकमेकांच्या अशिलाला लबाड ठरवतात, पुढची तारीख पडते आणि दोघं बाहेर भजे खायला बसतात. खरं भांडण तिथं लागतं, पैसे कुणी द्यायचे यावरून. थोरला खिशात हात घालतो, धाकटा त्याचं मनगट धरतो.

"बांध तुमी सरकिवलाव, आता चहा तरी माझा घ्या."