क्षणभर की क्षणात?

रा. रा. मोमेन्टरिली यांसी,

स. न. वि. वि.

आपल्यामुळे मी एकदा भर विमानात हसं करून घेतलं आहे. शिकागो जवळ आलं होतं. आपण 'मोमेन्टरिली' उतरतो आहोत, असं वैमानिकाने सांगितलं. माझं इंग्रजी शाळेतलं, ब्रिटिश वळणाचं. त्यात आपला अर्थ एकच, क्षणभर. म्हणजे विमान क्षणभरच टेकणार! दादरला उतरायचं तर माटुंग्यालाच दाराशी जाऊन उभं राहायचं, हे अंगात मुरलेलं. पट्टा सोडला, वरून बॅग ओढली, तोच हवाई सुंदरीने दटावून खाली बसवलं. बॅग मांडीवर आणि विमान अजून ढगांत.

घरी आल्यावर आपली कुंडली काढली. घराणं लॅटिन 'मोमेन्टम'चं, म्हणजे हालचालीचं. मध्ययुगात 'मोमेन्ट' हे चक्क माप होतं : तासाचा 40वा भाग, सरासरी 90 सेकंद. सतराव्या शतकापासून आपण 'क्षणभर' या अर्थाची चाकरी इमानाने केलीत. मग 1920च्या दशकात अमेरिकेत 'क्षणात' ही दुसरी नोकरीही धरलीत. आज तिथले कोश दोन्हीकडे आपली हजेरी लावतात. गोंधळ तेवढा प्रवाशाच्या वाट्याला.

आमच्याकडे हे काम प्रत्यय करतात. पाहुणा क्षणभर बसला तर पाणी, क्षणात येणार असेल तर चहाचं आधण. 'भर' आणि 'त' यांनी आपापली हद्द कधी ओलांडली नाही.

आपल्या भाऊबंदांचीही चौकशी केली. 'सून' आणि 'प्रेझेन्टली', दोघांचाही अर्थ एके काळी 'ताबडतोब' असा होता. ते ढिले पडले, पण त्यांना दोष कसा द्यावा? तोंडून 'ताबडतोब' निघतं, माणूस जागचा निघत नाही. शेवटी शब्दच माणसाच्या चालीने चालू लागतो. आपण मात्र ढिले न पडता थेट दोन दरडींवर पाय ठेवून उभे! दोहोंतली एक नोकरी सोडावी, ही विनंती.

आपला,
एक उतावळा प्रवासी

ता. क. हे पत्र लिहायला बसलो तेव्हा स्वयंपाकघरातून हाक आली होती. 'आलोच,' म्हणालो. चक्क भूतकाळ, वर 'च'. पोळ्या गार झाल्या आहेत आणि मी अजून खुर्चीतच आहे. विनंती तूर्त मागे घेतो.