मंडईतलं आउटडोअर

रविवारी सकाळी कला महाविद्यालयाची मुलं स्केचिंगला पुण्याच्या मंडईत ठाण मांडतात. एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरून अष्टकोनी मनोऱ्याची उंची मोजतात. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत मावशी विचारतात, "फी किती रे वर्षाची?" आकडा ऐकून पाणी हातातच राहतं. "आणि चित्र जातं केवढ्याला?" पोरगा खोडरबर शोधू लागतो.

बाजाराच्या इमारतीपेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत बजावलं होतं. ऐकलं कुणी? १८८६ मध्ये ही मंडई 'रे मार्केट' म्हणून उभी राहिलीच. पुढे नाव मात्र फुल्यांचंच दिलं. आता शिक्षणच बाजारात येऊन बसलंय. फरक एवढाच, की मावशी घासाघीस करू देतात; फीच्या खिडकीवर ती सोय नाही.