जरा आणखी टाइट
पद्मिनी गाडीच्या पेट्रोल पंपाचं अंग मऊ धातूचं. डोंबिवलीतल्या आमच्या मेकॅनिकनं ‘जरा आणखी टाइट’ म्हणत निपल आवळताना पान्यावर जोर दिला आणि पंपातले आटे गेले. इलाज मात्र खिशातच तयार: आधी टेफ्लॉन टेप, मग एमसील, शेवटी साबणाची वडी! शेजारच्याच कल्याणात एकेकाळी प्यूजो ३०९ गाडी तयार व्हायची, हे या साबणवाल्याला कसं सांगायचं? शेवटी पंप पिशवीत घालून वागळे इस्टेट गाठलं. लेथवाल्यानं भोक मोठं केलं, टॅप फिरवला, पितळी बुश बसवून आत मूळ मापाचे आटे पाडले. अर्धा तास. शिळफाट्याच्या कोंडीतच त्याहून जास्त वेळ गेला होता.

‘‘आधी बोटांनी फिरवायचं, साहेब,’’ म्हणत त्यानं निपल माझ्या हातात दिला. पाना मात्र दिला नाही.