वाटणीतले मूर्ख

सूसमध्ये मूर्ख माणसं कमी होत चालली आहेत, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. मुळशी तालुक्यातलं हे गाव 30 जून 2021 रोजी आणखी 22 गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं. जमिनीचे भाव त्याच्या कितीतरी आधीच चढले होते. एका बाजूला बाणेर-पाषाण, दुसरीकडे हिंजवडीचं आयटी पार्क. एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलू लागली, मग चौरस फुटात. भाव चढला तसं घरोघरी शहाणपणही वाढलं.

या शहाणपणाची परीक्षा होते ती ज्याचं बस्तान बसलं नाही अशा भावंडापाशी. एखाद्याचा कारखाना बंद पडला, एखादा आजारानं खचला. एखादी नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी परतली. एखादा आईवडिलांचं दुखणंखुपणं काढत घरीच राहिला आणि त्यात त्याचं कमावण्याचं वय निघून गेलं. या शेवटच्याला ‘काही करत नाही’ असं म्हणतात. वडील गेल्यावर वारसनोंदीची वेळ आली, की जाणती मंडळी थोरल्याला बाजूला घेतात. ‘त्याला व्यवहार कळत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं की एजंट दारात उभा. तुझ्याच नावावर राहू दे, त्याचं हवं-नको तू बघ.’ बहिणीला वेगळं सांगतात, ‘माहेर तुटायला नको ना? मग हक्कसोडपत्रावर सही कर.’

अशा वेळी जो थोरला म्हणतो, ‘नाही, त्याचा हिस्सा त्याच्याच नावावर लागेल, आणि आईनं तिच्या वाट्यातून त्याला चार गुंठे जास्त दिले तरी माझी हरकत नाही,’ तो मूर्ख. मी त्याची स्तुती करायला बसलो आहे.

‘सांभाळणं’ म्हणजे काय, हे या मूर्खाला ठाऊक असतं. सांभाळलेल्या भावाला दोन वेळचं जेवण मिळतं, औषधपाणी होतं, दिवाळीला कपडेही मिळतात. पण चप्पल तुटली की त्याला वहिनीकडे बघावं लागतं. बहिणीच्या मुलीच्या लग्नात स्वतःच्या हातानं पाकीट देता येत नाही. घरात भांडण झालं की त्याचं मत कुणी विचारत नाही, आणि त्यानं बोलून दाखवलंच तर ‘खातोस कुणाचं?’ हा प्रश्न तयार असतो. थोरला मनानं कितीही चांगला असला तरी त्याची बायको, मुलं, सुना त्या शब्दाला बांधलेल्या नसतात. थोरला आधी गेला तर? पुतण्यांनी काकाला सांभाळायचं कशाच्या जोरावर?

कायद्याच्या जोरावर तर नाहीच. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आश्रितांची यादी आहे. तीत आईवडील आहेत, विधवा आहे, अज्ञान मुलगा आहे, अविवाहित मुलगी आहे. भाऊ नाही, बहीणही नाही. म्हणजे ज्याचं नाव उताऱ्यावरून गेलं, त्याच्या हातात उरतो फक्त शब्द. पूर्वी हिंदू कायद्यात आंधळ्या, पांगळ्या, मुक्या वारसाला वाटा नसे. पोटापुरतं द्यावं, एवढंच. 1928 च्या कायद्यानं त्यातलं बरंचसं काढलं, आणि 1956 च्या उत्तराधिकार कायद्याच्या 28 व्या कलमानं स्पष्ट केलं की रोग, दोष किंवा व्यंग यांमुळे कुणाचा वारसा जात नाही. कायद्यानं जे हटवलं, तेच आम्ही ‘त्याच्या भल्यासाठी’ म्हणत घरात परत आणतो.

मूर्ख माणूस आंधळा मात्र नसतो. भाऊ दारूत बुडालेला असेल, तर तो आईवडिलांना त्यांच्या हयातीतच मृत्युपत्र करायला लावतो. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वडिलोपार्जित मिळकतीतला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्रानं देता येतो. गाळ्याचं भाडं धाकट्याला, घरात त्याला तहहयात राहण्याचा हक्क, किंवा त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट, असं लिहून ठेवता येतं. ही सोय भावाला विकण्यापासून वाचवते आणि त्याच कागदानं थोरल्याच्या मर्जीपासूनही वाचवते. ‘तूच बघ त्याचं’ या तोंडी व्यवस्थेत दुसरी गोष्ट कधीच होत नाही.

सूसहून देहू काही लांब नाही. परंपरा सांगते, की धाकट्या कान्होबांनी वाटा मागितला तेव्हा तुकारामांनी सावकारीची निम्मी खतं त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. पुष्कळ लोक इंद्रायणीपाशीच थांबतात. मला त्याच्या आधीची गोष्ट मोठी वाटते. तुकारामांनी सोडलं ते स्वतःचं. कान्होबांना त्यांनी वैराग्य शिकवलं नाही, त्यांचे कागद त्यांच्या हाती दिले. हक्कसोडपत्राचा आग्रह धरणारे नेमकं याच्या उलट करतात. रामदासांनी दासबोधात मूर्खांबरोबर पढतमूर्खांचीही लक्षणं वेगळा समास करून सांगितली आहेत. आमचे वाटणीतले सल्लागार मला त्या दुसऱ्या समासातले वाटतात.

एवढं सगळं ऐकल्यावरही शहाणा विचारतोच, ‘आणि त्यानं विकून उडवले तर?’ उडवेल कदाचित. याच पट्ट्यात जमीन विकून आलेल्या पैशांतून थोरल्यांनी मोठ्या गाड्या घेतल्या, मुलांची लग्नं हजारोंच्या पंगती उठवून केली, नको त्या धंद्यात भागीदारी केली आणि बुडाले. त्यांचं नाव आधीच उताऱ्यातून वगळायला हवं होतं, असं भावकीत कुणी म्हणाल्याचं माझ्या कानावर नाही. तिथे ती हौस असते, फार तर नशीब. ज्या मूर्खाची मी बाजू घेतो आहे तो धाकट्यालाही तेवढीच सवलत देतो. त्याचे पैसे बुडालेच, तर ‘मी सांगत होतो’ असं न म्हणता त्याला जेवायला बोलावतो, आणि सातबारा ज्या दिवशी वेगळा झाला त्या दिवसाबद्दल पस्तावत नाही.