साफसफाईसाठी बंद

डहाणूजवळच्या नरपड गावात चिकूवाड्यांशेजारी मुंबईकरांचे वीकेंड बंगले उभे राहतात, आणि एखाद्याच्या स्वयंपाकघरात स्वतःला स्वतःच घासणारा ओव्हन येतो. कल्पना झकास आहे. यंत्र साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतं, आतला तेलकट थर जळून त्याची राख होते, मालकानं फक्त ओलं फडकं फिरवायचं. एवढ्या धगीत कुणी दार उघडू नये म्हणून कुलूप आपोआप लागतं. आणि नेमक्या त्याच धगीनं कुलपाची मोटर, नाहीतर थर्मल फ्यूज मान टाकतो. ओव्हन लख्ख, पण आतून. बघणार कोण?

त्यात मध्येच वीज गेली की कुलूप अर्ध्यावर अडकलं म्हणून समजा. डहाणूच्या खाडीवरचं 500 मेगावॅटचं औष्णिक केंद्र गेली कित्येक वर्षं मुंबईची उपनगरं उजळतंय. उपनगरातला माणूस मात्र इथं येऊन अंधारात ओव्हनची मनधरणी करतो.

इलाज तसा साधा. पूर्ण थंड होऊ द्या, एमसीबी पाडा, थोडा वेळ थांबा, पुन्हा चढवा. ‘खट्’ झालं तर नशीब. स्क्रूड्रायव्हर घालून दार उचकटायचा पुरुषार्थ नको, काच तडकायची.

तरीही ढिम्म? मग कस्टमर केअर. पलीकडून अतिशय गोड आवाजात मॉडेल नंबर विचारतात. तो दाराच्या आतल्या चौकटीवर छापलेला असतो.