अर्थिंग बघितलं का?

प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, एक सेक्रेटरी असतो आणि एक बॅटरीकाका असतात. पहिल्या दोघांना निवडून द्यावं लागतं. काका आपण होऊन येतात. तुमच्या जुन्या मारुती ८००ने किल्ली फिरवल्यावर नुसतंच 'कट् कट् कट्' केलं, की वरच्या गॅलरीतून हुकूम सुटतो, "सेल्फ मारू नका! आलोच."

काका कुठल्या खात्यातून रिटायर झाले हे कुणालाच नक्की माहीत नाही. ते स्वतः 'इलेक्ट्रिकल' एवढंच सांगतात. अंगात बनियन, हातात चष्म्याची जुनी डबी आणि डबीत मल्टिमीटर. त्याच्या लाल वायरला चिकटपट्टी लावलेली असते. वायरला लावतात ती काळी नव्हे, बोट कापल्यावर लावतात ती.

"बारा पॉइंट एक! फुल चार्ज असती तर बारा पॉइंट सहा दाखवले असते. आता तुम्ही म्हणाल, अर्ध्या व्होल्टाने असं काय होतं?" तुम्ही काहीच म्हणालेले नसता, तुम्हाला फक्त ऑफिस गाठायचं असतं. "अहो, भरलेली आणि उतरलेली बॅटरी यांत फरकच मुळी अर्ध्या-पाऊण व्होल्टाचा!" आणि हे खरं असतं. काकांचा खरा त्रास तोच आहे, त्यांचं बहुतेक बरोबर असतं.

"जाऊ द्या काका, पाच वर्षं झाली हिला. नवीनच टाकतो."

काकांचा चेहरा पडतो. "नवी बॅटरी काय, कुणीही टाकेल. अर्थिंग बघितलं का?"

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि तुम्ही सेल्फ मारायचा. (आता चालतो.) सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो, वाटेत गंज असेल तर व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. आकडा पॉइंट दोनच्या वर जाता कामा नये. तो पॉइंट आठवर जातो आणि काका असे उजळतात, जणू घरच्या मुलाला दहावीत ऐंशी टक्के पडले. बॅटरी ते बॉडी जाणारी अर्थची पट्टी बोल्टाखाली हिरवी पडलेली असते. कानस, पॉलिश पेपर, टर्मिनलवरच्या पांढऱ्या पुडीवर खायच्या सोड्याचं गरम पाणी. मग गाडी चालू झाल्यावर पुन्हा मीटर: चौदा पॉइंट एक. "डायनामो ठणठणीत!" आल्टरनेटरला काका डायनामोच म्हणतात, आणि त्यांना दुरुस्त करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

एवढ्यावर सुटका नसते. रविवारी 'लीकेज' शोधायचं ठरतं. निगेटिव्हची वायर काढून मधे मीटर जोडायचा आणि एकेक फ्यूज उपटत जायचं. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत खायला हवं. तुमची ३०० खात असते. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत सफाचट, हा हिशेब काका तोंडी करतात. चोर बहुधा बाहेरून बसवलेला टेप किंवा सेंट्रल लॉक निघतो, थेट बॅटरीवरून वायर ओढलेला. ती वायरिंग करणाऱ्याचा उद्धार पुढे अर्धा तास चालतो. वरून काकू हाक मारतात, "अहो, आपला मिक्सर दिवाळीपासून उघडा पडलाय!" काकांना ऐकू येत नाही.

त्यांची स्वतःचीही ८००च. ही गाडी २०१४च्या जानेवारीत बनायची बंद झाली, त्याच्या कितीतरी आधीची. पंधरा वर्षांनंतरचं रिपासिंग करून घेतलेली, आणि रोज पहिल्या सेल्फला चालू होणारी. कारण रोज जेवण झाल्यावर काका खाली येतात, बॉनेट उघडतात, दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह सोडवतात, आणि मग गेटवरच्या वॉचमनशी तासभर गप्पा मारत उभे राहतात.

एकदा न राहवून विचारलं, "काका, तुमच्या गाडीतलं लीकेज नाही का सापडत?"

त्यांनी आधी वर गॅलरीकडे पाहिलं. "सापडलंय हो कधीचंच. पण मग रात्री खाली यायला घरी काय सांगू?"